गालिच्यासाठी बुजवलेली तोटी

मी एक जुने यंत्र आहे आणि मित्रांनो, मी चांगलेच भडकलेले आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात, तळमजल्यावरच्या वर्गात मी उभे आहे. आंतरराष्ट्रीय चलनाचा विषय मुलांच्या डोक्यावरून जाई, म्हणून एका तरुण प्राध्यापकांनी आपल्या प्लंबर मेहुण्याला हाताशी धरून मला बनवले. माझी मोठी काचेची टाकी म्हणजे देशाची परकीय चलनाची गंगाजळी. निर्यातीचे पाणी एका नळीने आत येई, आयातीचे दुसऱ्या नळीने बाहेर जाई. वरचा काटा चलनाचा भाव दाखवी, आणि टाकीत पाणी असेपर्यंत तो जागचा हलत नसे. तळाशी होती एक जाड तोटी. लोकांचा विश्वास उडाला की पैसा देशाबाहेर पळत सुटतो, त्याची ती वाट. प्राध्यापक ती उघडत, टाकी भसाभस रिकामी होई, काटा दणकन खाली आपटे आणि मुले ओरडत, "बाप रे!" आर्थिक संकट म्हणजे काय, ते त्यांना तेवढ्यात कळे. काय कौतुक व्हायचे माझे! दुसऱ्या विभागांतली मुलेसुद्धा दारात गर्दी करत.

ते प्राध्यापक निवृत्त झाले. नवे विभागप्रमुख आले आणि त्यांनी वर्गात गालिचा घातला. तोटी उघडली की गालिचा भिजे. मग काय, साहेबांनी तोटीत बूच ठोकून वर लाख ओतायला लावली! हळूहळू बूच का मारले तेच सगळे विसरले, आणि साहेब खुशाल शिकवू लागले, "काहीही झालं तरी आपली गंगाजळी आटत नाही. बघा, यंत्रच सांगतंय." मी सांगतेय? माझ्या तोंडात बोळा कोंबायचा आणि वर माझीच साक्ष काढायची? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होई.

अशात एक मुलगी शेवटच्या वर्षाला आली. सारखे प्रश्न विचारते म्हणून सगळे तिला शंकाबाई म्हणत. तिने प्रबंधात लिहिले होते की आपल्या चलनाचा भाव परदेशातून आलेल्या उसन्या पैशावर टेकलेला आहे. तो पैसा घाबरला, की भाव कोसळणार. तोंडी परीक्षेत पास झाली तर तिला संशोधनाची शिष्यवृत्ती मिळणार होती, नाहीतर वर्ष वाया. वडिलांनी आधीच सांगितले होते, "पोरी, मला एवढंच झेपेल. पुढचं तुझं तू बघ."

परीक्षेत साहेब हसले. "मग दाखव की यंत्रावर!"

"सर, खालची तोटी बुजवलीय."

"तोटी? कसली तोटी?"

ती गुडघ्यांवर बसली. घराच्या किल्लीने तिने लाख खरवडली आणि बूच उपटून काढले. आहाहा! किती वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला! पाणी धो धो सुटले, काटा आपटला, साहेबांचे बूट चिंब झाले.

"बघितलंत, सर?"

"बघितलं ना! गालिच्याची वाट लावलीस. यंत्र मोडलंस!"

नापास. कारण काय लिहिले, तर विभागाच्या मालमत्तेचे नुकसान. अहो, मी मोडले नव्हते! उलट त्या दिवशी मी धड चालले होते.

पुढच्याच सत्रात परदेशी पैसा खरोखर पळाला. गंगाजळी आटली, भाव कोसळला, बँकांसमोर रांगा लागल्या. साहेबांची पाचावर धारण बसली. तास सोडून तेही रांगेत जाऊन उभे राहिले. तिथून परतले ते थेट शहाणे होऊनच! गालिचा गुंडाळला, माझ्या तोटीला तेल घातले आणि पत्रकारांना बोलावून म्हणाले, "मी हे कधीपासून सांगतोय!"

लाज नावाची चीज असते की नाही?

शंकाबाई त्याच वर्गात बसते. सकाळी शिकवण्या घेऊन तिने पुन्हा फी भरली आहे. परवा तिने हात वर केला. "सर, हे मी परीक्षेत दाखवलं होतं."

"शंका तासानंतर," साहेब म्हणाले. वर्ग हसला. तिने मान खाली घातली आणि स्वतःच दाखवलेले ती साहेबांच्या शब्दांत लिहून घेऊ लागली.

आता म्हणे माझ्यासाठी काचेची पेटी येणार आहे, पुसायला माणूस ठेवणार आहेत. मित्रांनो, अशा वेळी माझ्यासारख्याने हात जोडून म्हणायचे असते, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. नाही म्हणणार. माझ्या नळ्या गंजल्या तरी चालतील.

आधी त्या मुलीचा निकाल बदला.