भुशाची राख

"माह्या मातीतला भुसा कोनं काढला?"

मरोद्याच्या फकिरा कुंभाराचं तोंड फागुनानंतर पयल्यांदा उघडलं, तेही भांडायले. फागुनात त्याच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात लोंबकळला, अन् चाक कोपऱ्यात उलटं पडलं. त्याच्या आधी त्याच्या हातचा पोळ्याचा मातीचा नांदिया बैल असा, का उन्हात वाळत ठेवला तर शेजारच्या गाई दावं तोडून येत. एकीनं तर चाटून चाटून अर्धा बैल संपवला. खरं-खोटं त्या गाईले माहीत. पन यंदा घरचा आवा, बैल भाजायची भट्टी, पेटला नाई तर हा मानूस पोळ्यापुढं जगत नाई, हे त्याच्या बायकोले, सिंधुताईले, पक्कं समजलं होतं. दोन घास भात खाई, तेही उपकार केल्यासारखे.

"मी काढला, बाबा," त्याची लेक नूतन म्हनाली. "भुसा नळीत फसते."

आयटीआय शिकलेल्या या पोरीनं कॉलेजानं भंगारात टाकलेला थ्रीडी प्रिंटर उचलून आनला होता. तो प्लास्टिकचं सूत काढून वस्तू रचे; हिले त्यातून मातीचं सूत काढायचं होतं. आधी मायचा चकलीचा सोऱ्या लावला, तो वाकला. मग कैंप-1 वस्तीतल्या भंगारवाल्याकडून जाड पाइप आनला, गाडीच्या वायपरची मोटर आनली, अन् आटे पाडलेला लांब दांडा. मोटर दांडा फिरवे, दांडा आतला दट्ट्या ढकले, अन् पाइपाच्या तोंडातून माती शेवईसारखी निघे. थरावर थर चढून बैलाचं पोट होई. शिंगं-पाय हातानं लावायचे.

"दिवाळीच्या चकल्या आता पाइपातूनच काढजो, बाई," सिंधुताई म्हने.

आज पयला आवा उघडला होता. बावीसचे बावीस बैल फुटलेले.

"भुसा आत जळते तवा मातीले श्वास भेटते," फकिरा म्हनाला. "तुह्या मशीनले हे कोन सांगन?"

"मंग तुमी सांगा ना. मी काय करून राहिली इथं, खेळून राहिली का?"

तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी पावसाची झड लागली. दुपारी नूतननं पाइप भरला, बटन दाबलं. शेवई थोडी निघाली अन् अडली. मोटर ओरडून राहिली होती, दांडा ढकलून राहिला होता. नूतन वाकून पाहाले गेली, तेवढ्यात पाइपाचं झाकन उडालं अन् तिच्या भिवईवर बसलं.

सिंधुताईनं पदर दाबून धरला. भिंतीवर उडालेल्या मातीत भुसा चमकत होता.

फकिरा दारात उभा होता. डाव्या हाताच्या नखात भुसा.

"मी मिसळला," तो म्हनाला. "सकाळी. आवा फुटू नाई म्हनून."

नूतनले तीन टाके पडले. फकिरानं त्या दिवसापासून दोन घासही सोडले.

तिसऱ्या दिवशी सिंधुताई भुशाच्या शेगडीतल्या राखेनं भांडे घासून राहिली होती. तिनं ती राख चिमटीत चोळली. पिठासारखी. मूठभर घेऊन ती नवऱ्यापुढं बसली.

"जळायचंच हाय त्याले, तर आधीच जाळून टाका. हे घालून चालते का?"

"राखेनं मातीले श्वास नाई भेटत."

"तुमाले तरी कुठं भेटून राहिला? घालून पाहा."

त्यानं राख हुंगली, जिभेवर लावली. मंग म्हनाला, "जुनं लुगडं दे. राख चाळा लागन."

डाव्या हातानं चाळताना अर्धी राख अंगावर सांडली. भुतासारखा पांढरा झाला. "असेच पोळ्यात जा," सिंधुताई म्हनाली, "नांदिया तुमालेच पाहून पळन." तो हसला नाई. नूतननं पट्टी बांधलेल्या डोक्यानं बटन दाबलं. शेवई निघाली, तुटली, पुन्हा निघाली.

ओल्या लाकडानं आवा धुमसला. पोळ्याच्या सकाळी उघडला. याही खेपेच्या बावीसातले सात बैल शाबूत होते. बाकी खापऱ्या. सातांमंदीही एकाचं शिंग वाकडं, फकिरानं डाव्या हातानं लावलेलं.

नूतन खाली बसली. "सातच, माय. बाजारात काय तोंड दाखवू?"

सिंधुताई नवऱ्याकडं पाहून राहिली होती. फकिरानं एक खापरी उचलली, मोडली, आतली कडा उजेडात धरली. काळी रेघ होती.

"जाडी राहिली राख," तो म्हनाला. "पुढच्या खेपेले दोनदा चाळजा."

सिंधुताईनं राख चाळायचं लुगडं धुवाले काढलं होतं. ते तिनं तसंच झटकलं, घडी केली, अन् आव्याजवळ ठेवलं. मग चुलीवर तिघांचा भात टाकला.