गारठ्यात हंबरणारी जीप

घोडेगावात हायवेच्या कडेला गहिनीनाथचं गॅरेज होतं आणि ते साडेदहाच्या आत कधी उघडत नसे. त्यात आळसाचा भाग नव्हता. सकाळी मळ्यात कांद्याला पाणी द्यायचं, भाकरी खायची आणि मग यायचं, असं वीस वर्षं चाललेलं. गिऱ्हाइकंही त्याला सरावलेली. पण यंदाच्या थंडीत या साडेदहानंच त्याला जेरीस आणलं.

जनावरांच्या डॉक्टर भार्गवी यांची जुनी डिझेल जीप त्याच्याकडे येई. बाई मूळच्या नगरच्या. तीन वर्षांपासून घोडेगावात भाड्यानं राहत आणि दिवस उगवायच्या आत वस्त्यांवर गाईम्हशी तपासायला निघत. डिसेंबरात त्या पहिल्यांदा तक्रार घेऊन आल्या.

"गहिनीनाथभाऊ, सकाळी स्टेअरिंग वळवलं की गाडी हंबरते. रेडकू हरवलेली म्हैस हंबरते ना, तशी."

गहिनीनाथनं बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला लावलं, चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून पाहिली. आवाज नाही.

"कुठंय आवाज, मॅडम?"

"आत्ता नाही. सकाळी सहाला असतो. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालली की बंद होतो."

"मंग थंडीनं स्टेअरिंगचं तेल घट्ट हुतंय. तेल बदलतो, जाईल."

तेल बदललं, आवाज गेला नाही. स्टेअरिंगला ते तेल पुरवणाऱ्या पंपाचा पट्टा ताणला, तरी गेला नाही. दर खेपेला बाई फेरी संपवून अकरा-बाराला यायच्या आणि तोवर गाडी अशी मुकी झालेली असायची, की तिनं कधी तोंड उघडलं असेल असं वाटू नये. न ऐकलेल्या आवाजावर इलाज करून गहिनीनाथ कावला. शेवटी, दुसरं काही सुचेना म्हणून तो छातीठोकपणे म्हणाला, "पंपच गेलाय."

नगरहून नवा पंप आणला आणि नेमका बाजाराच्या दिवशी बसवला. दारात शेळ्या-बोकडांनी भरलेले चार पिकअप उभे, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतायत, अशा घाईत काम उरकलं. जुना पंप भंगारवाला घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी जीप पुन्हा दारात. बाकड्यावर दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली. बाई उतरल्या त्याच रागानं.

"पंप बदलला, आणि गाडी होती तशीच हंबरतेय!"

"आसं हुयाचं न्हाई, मॅडम."

बाईंनी मोबाईल काढला आणि सकाळचा आवाज वाजवून दाखवला. बाकड्यावरचा एक जण हसला. ते हसू गहिनीनाथच्या फार जिव्हारी लागलं.

"मोबाईलमदी सगळंच मोठं ऐकू येतं," तो म्हणाला.

बाईंनी मोबाईल पर्समध्ये टाकला. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द तोडून बोलल्या. "माझ्याकडं लोक गाय घेऊन येतात. गोठ्यात पाय टेकवत नसते आणि दवाखान्यात सरळ उभी राहते. म्हणून मी घरी पाठवत नाही, मी गोठ्यात जाते. उद्या सहाला तुम्ही माझ्या दारात या."

गहिनीनाथ पाना उचलून दुसऱ्या गाडीखाली शिरला. रात्री जेवताना मात्र बायकोपाशी, राजेश्वरीपाशी, पुष्कळ बोलला. बाईंना गाडी चालवता येत नाही इथपासून नगरच्या दुकानदारानं खोटा माल दिला इथपर्यंत. राजेश्वरीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग उद्याला मफलर काढून ठिवू का?"

सकाळी सहाला मोटारसायकलवरून जाताना गार वाऱ्यानं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाईंच्या दारात जीपच्या काचेवर दव साचलेलं. बाईंनी चावी फिरवली, स्टेअरिंग वळवलं आणि जीप अशी हंबरली, की गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहिलं.

गहिनीनाथला आधी बरं वाटलं, आणि लगेच लाज वाटली. महिनाभर बाई हेच सांगत होत्या.

त्यानं हातातल्या बॅटरीचा उजेड पाडून स्टेअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण काढलं. आत तेल दिसेचना. ताकावर यावा तसा नुसता फेस.

"हवा वढतोय," तो म्हणाला. "कुटूनतरी पंप तेलासंगं हवा वढतोय."

"पण तेल तर कुठं गळत नाही."

"न्हाई गळणार. डबीपासून पंपापातुर पाइपात वढ आसते, मॅडम. तिथं फट पडली तर तेल भाईर येत न्हाई, हवा आत जाती. थंडीत रबर कडक झालं की फट, गरम झालं की बंद."

आता दोष सापडल्यातच जमा होता. डबीजवळची क्लिप त्याला ढिली दिसली. बोटं बधिर झालेली, पाना दोनदा निसटून खाली जाळीत अडकला, तिसऱ्यांदा निसटला तो नखावर बसला. क्लिप बदलून गाडी चालू केली तर आवाज होताच. दुसरी जागा शोधेपर्यंत इंजिन तापलं आणि आवाज बंद पडला. आता काय करणार? उद्या सकाळपर्यंत थांबणं आलं. दिवसाला एकच संधी, तीही वीस मिनिटांची!

दुसऱ्या दिवशी त्यानं पाइपच नवा घातला. जीप हंबरली. त्यानं पाना जमिनीवर आपटला आणि एक शिवी दिली. मग बाईंकडे बघून मान खाली घातली.

"द्या अजून एक," बाई म्हणाल्या. "मी रोज सकाळी देते."

त्या दिवशी मळ्यात पाणी धरताना त्याच्या डोक्यात तेच घोळत होतं. डबी नीट, क्लिप नवी, पाइप नवा. राहिलं काय? पंपाच्या तोंडाशी पाइपाचा लोखंडी कोपरा बसतो आणि त्याच्या गळ्यात एक बारीक रबरी रिंग असते. ती तर नवी... आणि तो जागच्या जागी थबकला. पाणी वाफा फोडून शेजारच्या वाफ्यात गेलं तरी त्याला कळलं नाही. नव्या पंपाच्या खोक्यात नवी रिंग होती. बाजाराच्या त्या गर्दीत खोकं न बघताच त्यानं फेकलं होतं आणि कोपरा जुन्या रिंगेसकट नव्या पंपावर दाबून बसवला होता.

तिसऱ्या सकाळी त्यानं कोपरा काढला. जुनी रिंग वाळल्या शेंगेच्या सालीसारखी कडक, एका बाजूला चिरलेली. नवी घालून तेल भरलं. बाईंनी स्टेअरिंग डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, दोन्ही टोकांना नेलं. नुसतं इंजिन चालल्याचा आवाज.

बाई पहिल्यांदाच हसल्या. "झालं तर! काय होतं?"

सांगावं की नको, हे ठरवायला गहिनीनाथला फार वेळ मिळाला नाही. रिंग तळहातावरच होती.

"ही. म्या नवी घालायची इसरलो." तो थांबला. मग उरलेलंही बोलून टाकलं. "आन् पयल्यापून हीच खराब आसणार. पंपाला काय झालं नव्हतं."

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी रिंग उचलून उजेडात धरली. तेवढ्यात फोन वाजला. कुठल्या तरी वस्तीवर गाय अडली होती. त्या गाडीत बसल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, "माझा जुना पंप घेऊन या आणि बसवा. नवा तुमचा तुम्ही ठेवा."

भंगारवाला वैजनाथ सोनईच्या रस्त्याला बसायचा. त्याच्या ढिगात गहिनीनाथनं उन्हं कलेपर्यंत हात घातले. सायलेन्सर, पत्रे, मोडके फाळ उपसून अखेर पंप मिळाला. नगरच्या दुकानदारानं मात्र तेल लागलेला माल परत घ्यायला साफ नकार दिला. नवा पंप गॅरेजच्या फळीवर जाऊन बसला आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तो कुठल्या गाडीचा म्हणून विचारू लागला.

जुना पंप बसवून झाल्यावर बाई गाडी घेऊन गेल्या. आठवडाभर जीप गॅरेजकडे फिरकलीही नाही. त्यात गारठा आणखी वाढला. गहिनीनाथला राहवेना. एका सकाळी न बोलावता तो सहाला बाईंच्या दारात गेला.

बाई बॅग घेऊन बाहेर येत होत्या. "आता काय?"

"काय न्हाई. ऐकायला आल्तो."

बाईंनी गाडी चालू केली, स्टेअरिंग पार कडेपर्यंत फिरवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. बाईंनीही हलवली, गाडी गिअरमध्ये टाकली आणि गल्लीच्या वळणावरून दिसेनाशा झाल्या. गहिनीनाथनं मफलर कानांवर ओढला आणि मळ्याकडे निघाला. पाण्याची पाळी होती.