भिंगांमधलं अंतर

चष्मेवाल्याने पट्टी पोरीच्या नाकावर आडवी टेकवली आणि म्हटलं, "माझ्या कानाकडे बघ. हलू नकोस."

पोरगी हलली नाही, पण तोंड थांबेल तर शपथ. त्याच्या लेकीची, भिंगरीची, ही शाळेपासूनची मैत्रीण. दोघी डोळ्यांवर हेडसेट चढवून एकाच खेळात तासन्‌तास हरवायच्या. लेक जाऊन सात महिने झाले होते.

"काका, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"साठ," असं पुटपुटत त्याने तिच्या बुबुळांमधलं अंतर लिहून घेतलं. "सांग."

"भिंगरी दिसते आम्हाला. खेळातल्या त्या गच्चीवर. रोज दुपारी झाडांना पाणी घालते."

त्याच्या हातातली पट्टी काउंटरवर पडली.

"ग्रुपवर सगळे म्हणतात, तो खेळ नाहीच मुळी. आत्म्यांचा लोक आहे तो. खेळ बनवणाऱ्यांना फक्त त्याचं दार सापडलं. म्हणून तर तिथे कुणाची सावली पडत नाही!"

"सावल्या काढायचा कंटाळा केला असेल त्यांनी." बोलला खरा, पण स्वतःचाच आवाज त्याला ओळखू येईना.

"मग ती कशी येते, काका? तिच्याच नावाने, तिच्याच पिवळ्या झग्यात? हाक मारली की हात हलवते. बोलत मात्र नाही."

पोरगी गेली तसं त्याने भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं. जन्मभर लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून काचा घासणाऱ्या माणसाला रस्त्यातला खांब दिसला नाही. खांदा ठेचला, तेही घरी पोचल्यावर कळलं. थोतांड आहे, मन सांगत होतं. आणि पाय पळत होते. असेल का कुठे? कुठेही असो, कशीही असो, पण असेल का?

लेकीच्या खोलीचं दार त्याने सात महिन्यांत उघडलं नव्हतं. पुस्तकांवर धूळ, खुर्चीवर धूळ. हेडसेटवर मात्र कण नव्हता. हात लावला तर तो कोमट.

सवयीने त्याने हेडसेट उलटा केला. भिंगं जवळ-लांब करायची सरकपट्टी खाली होती. भिंगरीचं अंतर अठ्ठावन्न. तिचे चारही चष्मे त्यानेच केलेले. इथे खूण चौसष्टवर होती.

चौसष्ट. गेली सव्वीस वर्षं ज्या डोळ्यांसाठी तो काचा बसवत आला, त्यांचं अंतर.

तो पलंगावर बसला. दारात बायको उभी होती, हातात पाण्याचा पेला. कपाळावर हेडसेटचा लाल वळ अजून उमटलेला.

"तू?"

"एकदाच गेले होते, ती काय करायची तिथे ते बघायला. तर पोरी धावत आल्या, गळ्यात पडल्या. मी ती नव्हे, असं सांगायला तोंडच उघडेना."

"आणि मग रोज?"

"एक दिवस चुकवला. दुसऱ्या दिवशी त्यातली एक ढसाढसा रडत होती. त्यांना पुन्हा तेच दुःख कसं देऊ?"

"अगं, मेलेल्यांचा लोक समजतात त्या त्याला!"

"समजू देत. सगळ्यांना दिसते ना ती." ती त्याच्याजवळ टेकली. "एक मी सोडून. मी तिच्या आत असते हो. मला नुसते तिचे हात दिसतात, झारी धरलेले."

ओठावर आलेले रागाचे शब्द त्याने गिळले. आपण तिच्याकडे सात महिन्यांत नीट पाहिलंसुद्धा नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

"आणखी एक हेडसेट आणू," तो म्हणाला. "तू पाहुणी म्हणून ये. तिच्या आत मी जातो."

बायकोने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "जमेल तुम्हाला? आपल्या गच्चीचा जिना ती एक पायरी गाळत उतरायची."

"शिकव."

ती उठली. पेला खाली ठेवला. पलंग आणि टेबलामधल्या वीतभर जागेत तिने झग्याचा घोळ सावरावा तशी चिमूट धरली, आणि "अशी," म्हणत, नसलेल्या जिन्यावरून खाली उडी टाकली.