पालथी वाटी

मित्रांनो, मी एक जुने विरजण आहे. वय विचारू नका. कालचे चमचाभर आजच्या दुधात, आजचे उद्याच्या, असे माझे आयुष्य. माहेरून निघताना थोरलीने मला बरोबर आणले. ती मोठी नेमाची. अंघोळ करून, हात जोडून, मगच मला कोमट दुधात कालवायची. "आमचं विरजण कधी दगा देत नाही," म्हणायची. ते ऐकून मी आणखी घट्ट लागायचे!

तिच्या धाकट्या बहिणीच्या अंडाशयात कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमो सुरू झाली. तोंड सोलले, पोट बिघडले. केमोने पोटातले चांगले जिवाणू मरतात, असे थोरलीला कुणीसे सांगितले. तिने लगेच नेम धरला: धाकटीला रोज एक चमचा घरचे दही. मी डब्यात बसून रुग्णालयात जाऊ लागले.

"ताई, नर्सना विचारलंस का?"

"दह्याला कसली परवानगी? आ कर. लहानपणी वाटी चाटूनपुसून ठेवायचीस!"

तिसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी धाकटीला हुडहुडी भरून ताप आला. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या. नर्सने उशाशी डबा पाहिला मात्र, तिचा चेहराच उतरला.

"घरचं दही? अहो, हिच्या अंगात लढायला कुणी उरलं नाहीये! जिवंत जिवाणू, चांगले का असेनात, आत्ता रक्तात शिरले तर जिवावर बेतेल."

मित्रांनो, मी थिजले. जिवंतपणाचीच तर मला ऐट होती! थोरलीच्या हातातला चमचा गळून पडला. "मी... माझ्या हातानं?" म्हणत तिने डब्याचे झाकण लावले.

चार दिवस मला कुणी पाहिले नाही. घरच्या फ्रीजमध्ये मी आंबून गेले. पाचव्या दिवशी ताप उतरला. रक्तात सापडलेला जंतू माझ्या कुळातला नव्हता. तो धाकटीच्याच आतड्यातून आला होता.

"या वेळी निभावलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यापुढे विचारल्याशिवाय दही नाही, आणि दुकानातल्या जिवाणूंच्या गोळ्याही नाहीत."

धाकटीला घेऊन घरी येताच थोरली मला मोरीत ओतायला निघाली. धाकटीने भिंतीला धरून हाक मारली, "ताई, विरजण मोडू नकोस गं. बरी झाले की मला हेच हवंय."

आता थोरली रोज मला लावते, स्वतः खाते आणि शेजारी धाकटीची वाटी पालथी घालून ठेवते. मित्रांनो, माया जरूर करा, पण आधी विचारा. डॉक्टरीणबाई हो म्हणतील त्या दिवशी ती वाटी सुलटी होईल. तोवर मी रोज लागते आहे.