नेमलेल्या खासदाराचं होईक

देव अंगात आल्यावर येडबा काय बोलायचा, हे त्याचं त्याला कधीच आठवत नसे. श्रावणातल्या शेवटच्या रविवारी बिरोबाच्या देवळापुढं ढोल घुमायचे, येडबाचं अंग थरथरायचं आणि पुढच्या सालाचं भाकीत, म्हणजे होईक, त्याच्या तोंडून बाहेर पडायचं. पाऊस कसा, मेंढरांना रोग कोणता, सगळं. भानावर आला की तो बायकोलाच विचारायचा, "काय बोलला देव?" बानूबाई सांगेल ते तोही इतरांसारखाच नवलानं ऐकायचा. सोनपेठच्या आसपासच्या वस्त्यांवर त्या शब्दाला किंमत होती, कारण हा माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात.

हेच दिल्लीला आवडलं असावं. धनगरी ओव्या गाणारा थोर कलावंत म्हणून त्याला राज्यसभेवर नेमलं. निवडणूक नाही, पक्ष नाही, आणि मेंढरामागचा गडी थेट खासदार! वस्तीनं हळदीचा भंडारा उधळून अर्धं शिवार पिवळं केलं.

दिल्लीत सत्तेतले एक साहेब भेटायला आले. कुठल्याशा देवळातला भंडारा त्यांनी येडबाच्या तळहातावर ठेवला, वर आपला हात ठेवला आणि हसत म्हणाले, "येडबाजी, आता आपण एक." साहेबांच्या लेखी तो नुसता प्रसाद. पण हातात भंडारा घेऊन दिलेला शब्द येडबाच्या घराण्यात कुणी मोडला नव्हता, आणि हा भोळा मान हलवून बसला! त्यानंतर सभागृहातल्या प्रत्येक मतदानाला साहेब ज्या बाजूला, त्याच बाजूला येडबा.

गावात कुजबुज सुरू झाली. "नेमलेला म्हनं कुनाचाच नसतो. मग ह्याचं मत दर येळी तिकडंच कसं काय पडायलंय?" तो टपरीवर आला की गप्पा थांबायच्या. त्यानं पाजलेला चहा मात्र कुणी नाकारला नाही.

यंदा होईकाच्या तोंडावर साहेबांचा फोन आला. गोदावरीकाठच्या माळावर मोठा प्रकल्प यायचा आहे, तिथले मेंढरांचे वाडे हलायला हवेत, तुम्ही लोकांना जरा समजावा. येडबा "बघतो" म्हणाला आणि हा फोन घरातही सांगितला नाही. प्रकल्पाची कुणकुण मात्र गावाला लागली होती.

रविवारी ढोल घुमले. तो भानावर आला, तर पाया पडायला कुणीच पुढं झालं नव्हतं. सगळे लांब उभे होते.

"काय बोलला देव?"

बानूबाईनं नजर चुकवली. "काठ सोडा म्हनला. पूर येनार, काईच ठेवनार न्हाई." मग हळूच, "खरं सांगा, देवच बोलला न्हवं?"

येडबाला साहेबांचा फोन आठवला. "मला ठाऊक न्हाई, बानू."

"देव कदी पक्षात गेला म्हनायचा?" म्हातारी सुलाबाई सगळ्यांदेखत म्हणाली. लोक हसले आणि पांगले.

फक्त धाकटा भाऊ चंद्रभान थांबला. पिढ्यान्‌पिढ्या त्याचाही वाडा त्या माळावर. "दादा, मला लोकांचं काय करायचंय? तू हल म्हन, मी हलतो."

येडबा नदीकडं बघत राहिला. फोनचं सांगावं, तर चंद्रभान हलणार नाही. आणि पूर खरंच आला तर? पोराबाळांसकट जाईल. "हल," तो म्हणाला. सख्खा भाऊच हलला म्हटल्यावर बाकीचेही कुरकुरत हलले.

भादवा गेला, दसरा गेला. गोदावरी संथ वाहत राहिली. रिकाम्या माळाला तारेचं कुंपण पडलं, साहेबांच्या फोटोचा फलक लागला. चंद्रभानची मेंढरं रस्त्याच्या कडेनं परक्यांच्या शिव्या खात फिरू लागली. त्यानं भावाला एका शब्दानंही जाब विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

आता अधिवेशन नसलं की येडबा संध्याकाळी काठावर जाऊन बसतो. खासदार त्या दिल्लीच्या साहेबांची जमीन राखायलाय, असं लोक म्हणतात. पाणी चढलं तर वस्तीही जाईल, बानूबाई चूल पेटवते ते घरही जाईल, हे त्याला ठाऊक आहे. तरी वरच्या अंगाला आभाळ भरून आलं की तो नदीला हात जोडतो.

"ये, गंगामाय," तो म्हणतो. "एकदा तरी ये."