सोपानच्या खिडकीबाहेरचं झुडूप

लोणावळ्याच्या त्या बंगल्याची बाग एवढी मोठी, की निंदणाऱ्या बायका एका टोकाला गप्पा मारत बसल्या तर दुसऱ्या टोकाला मला ऐकू येत नसे. माळी म्हणून ते माझ्या पथ्यावरच पडे. त्यांच्यातली टाकव्याची सरुबाई मात्र फारशी बोलत नसे. तिचा नवरा सोपान लढाईत जखमी होऊन विलायतेच्या इस्पितळात वारला. त्याच्याच पलटणीतला, तिथेच शेजारच्या खाटेवर असलेला महिपती रजेवर आला तेव्हा तिला म्हणाला होता, की खिडकीबाहेर लाल फळांचं एक झुडूप होतं आणि सोपान दिवसभर तेच बघत पडायचा.

आमच्या मडमेने तिकडून आणलेली लाल फळांची झुडपं तीन जातींची. सरुबाईने त्यातलं सगळ्यात लालभडक निवडलं आणि दर पितृपक्षात सोपानचा घास त्याच्या बुडाशी ठेवू लागली. कावळा काही शिवायचा नाही. सोपानचा जीव कशात तरी अडकलाय, असं बायका कुजबुजत. मला तिची कीव येई, पण ती खुशीत दिसे. घास गाईला घालून हसतमुखाने घरी जाई, आणि मला तिचा रागच येई.

यंदा महिपती पलटण सोडून कायमचा परतला, तेव्हा पितृपक्षात सरुबाई त्याला बागेत घेऊन आली. तिचं झुडूप बघून तो म्हणाला, हे नव्हे, याला काटे आहेत. दुसऱ्याच्या पानांना करवतीसारखी कड होती, तेही नव्हे. तिसरं कोटोनिॲस्टर. मडम गेल्यापासून मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. काटे नाहीत, पानाची कड सरळ. महिपतीने एक पान उलटं केलं. खालून पांढरी, मऊ लव होती.

"ह्येच. उनात बसवला की सोपान ह्या लवंवर बोट फिरवत ऱ्हायचा."

सरुबाईनेही बोट फिरवलं, बराच वेळ. मग घास ठेवला. आम्ही धड मागेही सरलो नव्हतो, तोच कावळा उतरला आणि भाताला चोच लावली.

महिपतीने हात जोडले. म्हणाला, वहिनी, सुटला सोपान.



"इतकी वर्सं मला वाटायचं, माज्यापायी अडकल्यात त्ये," सरुबाई म्हणाली. "ह्या झुडपापायी अडकलं व्हतं व्हय?"

कावळ्याला हाकलायला मी हात उचलला, पण तोवर त्याने घास संपवला होता.