चेंडूच्या मापाची रिंग

मी एक जुनी लोखंडी रिंग आहे, बास्केटबॉलची. सोलापुरातल्या एका शाळेच्या अडगळीत, मोडक्या बाकांखाली पडून आहे. पण मित्रांनो, माझ्यातून एकदा असा चेंडू गेलाय, की त्या आठवणीवर मी अजून कितीही वर्षं खुशाल गंज खात पडून राहीन.

१९७४ साली शुक्रवार पेठेतल्या रुद्रप्पा लोहारानं मला घडवलं. शाळेला कुणीतरी चेंडू भेट दिला होता, रिंग मात्र नव्हती. सिद्धनाथ मास्तर मूळचे कबड्डीचे. त्यांनी चेंडूच लोहारापुढं ठेवला आणि म्हणाले, "ह्यो ह्यातनं जाया पायजे." रुद्रप्पानं चेंडूभोवती बोटभर जागा सोडून मला वाकवलं, हातानं चेंडू आरपार घालून दाखवला. "जातोय की," म्हणाला. दोघंही खूश, आणि मीही.

मैदानावर मात्र चेंडू माझ्यातून जाईना. मास्तरांच्या संघातल्या मुली फेकायच्या, मी परत पाठवायची. गिरणी कामगाराची नागव्वा तर शाळा सुटली तरी एकटी फेकत राहायची. अशी दोन वर्षं गेली. शेवटी एका शनिवारी मास्तर म्हणाले, "पोरी, तुमच्या हाताला ह्यो खेळ न्हाय. सोमवारपासनं संघ बंद." नागव्वानं चेंडू फ्रॉकला पुसला आणि तशीच उभी राहिली.

त्याच दुपारी मिलोराद आला. हा सर्बियाचा निवृत्त बास्केटबॉल खेळाडू, आता गिरणीत नवी यंत्रं बसवायला आलेला; रस्त्यावरून मी दिसले म्हणून आत शिरला. दारातून वाकून यावं लागावं एवढा उंच, आणि एका पायानं लंगडणारा. मोडक्या इंग्रजीत त्यानं मास्तरांना आपली हकीकत सांगितली, ती मी वरून ऐकली. लहानपणी 'तुझा हात बसत नाही' म्हणून गावच्या संघानं त्याला घरी पाठवलं. तो गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारत राहिला. पुढं बेलग्रेडच्या मोठ्या क्लबात गेला, खेळावरच त्याचं पोट चालू लागलं. देशाकडून खेळला. त्याच्यासाठी अख्खं स्टेडियम उठून उभं राहायचं. मग एका सामन्यात उडीवरून खाली येताना गुडघा गेला, आणि खेळणं तिथंच संपलं; मग त्यानं यंत्रांचं काम धरलं. असला माणूस माझ्यासमोर उभा आहे, या विचारानंच मी थरारले.

त्यानं चेंडू मागितला. फेकला. मी परत पाठवला. पुन्हा फेकला, पुन्हा परत. त्याचा चेहरा उतरला. आपल्याच हाताकडं बघत राहिला. मग डोळे बारीक करून त्यानं मला न्याहाळलं. तिसऱ्या वेळी चेंडू खूप उंच गेला, सरळ उभा खाली आला आणि मला जराही न शिवता माझ्यातून निघून गेला. मित्रांनो, मी कशासाठी जन्मले ते मला त्या क्षणी कळलं.

खुर्चीवर चढून त्यानं मला वितीनं मोजलं. "रिंग चुकली आहे," तो मास्तरांना म्हणाला. "मुली नाही."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. रविवारी रुद्रप्पानं माझ्याहून बरीच रुंद, योग्य मापाची नवी रिंग केली आणि मला उतरवलं. सोमवारी नागव्वानं चेंडू टाकला, तो गेला. दुसरा गेला. तिसराही गेला. ती मटकन मातीत बसली.

"मास्तर," ती म्हणाली, "हे एवढं सोपं असतंय व्हय?"

मास्तरांनी चेंडू उचलून पुन्हा तिच्या हातात दिला. मित्रांनो, एखाद्याला जमत नाही असं म्हणण्याआधी, त्याच्यापुढं टांगलेली रिंग तेवढी मोजून बघा.